धोंड्याच्या महिन्याचं भाडं

केसरबाईच्या जिभेला सिंदेवाहीच्या बाजारातले भाजीवालेही वचकून असत. पण त्या दिवशी सकाळच्या गाडीने ती बल्लारपूरला निघाली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मांडीवर चार जुनी कॅलेंडरं गुंडाळी करून धरली होती आणि शेजारी बसली होती नात, दिव्यानी.

दिव्यानीने बल्लारपुरात नर्सिंगची तीन वर्षं काढली ती गुणवंतरावांच्या मागच्या खोलीत. भाडं बावीसशे. गुणवंतराव खाणीतून रिटायर झालेला माणूस, बोलायला गुळासारखा. वटपौर्णिमेला खोली घेतली आणि त्याच दिवशी केसरबाईने त्यांना बजावलं होतं, "भाऊ, फोनवरून पैसे टाका, हे मले सांगू नका. माहा महिना पुनवेचा. पुनवेले मी पोरीचे तांदूळ घेऊन येईन अन भाडं तुमच्या हातात देईन. एक दिवस मागंपुढं झाला तं माहं नाव बदला."

"नाव कायले बदलाचं बाई, चांगलं तं आहे!" गुणवंतराव हसले होते.

स्टॅम्पपेपर झाला, पण तो कॉलेजात दाखवायला. केसरबाईचा भरवसा कॅलेंडरवर. पैसे दिले की ती पुनवेच्या चौकोनात गुणवंतरावांची सही घ्यायची. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण तीन वर्षांत तिची एक पुनव चुकली नाही. धानाची रोवणी असो की अंगात ताप असो, पुनवेला ती बल्लारपुरात हजर. गावात सांगायची तेव्हा मान अशी ताठ करायची, की ऐकणाऱ्याने आपल्या उधाऱ्या आठवाव्या.

यंदाच्या वटपौर्णिमेला खोली सोडली. दिव्यानीला गडचिरोलीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. तिथली घरमालकीण पाच हजार आगाऊ मागत होती, तेही सोमवारपर्यंत, नाहीतर खोली दुसऱ्याला. घरात अठ्ठावीसशे निघाले. बाकीचे कुठून आणायचे या विचारात दिव्यानी सामान बांधत होती. बरण्या गुंडाळायला जुनी कॅलेंडरं काढली आणि फाडता फाडता हात थांबला.

"आजी, या आगस्टात दोन सह्या काऊन?"

"दोन पुनवा होत्या म्हनून. एक तारखेले एक अन तीस तारखेले दुसरी. त्या साली धोंड्याचा महिना नोता का आला? जवायाले अनारसे देल्ले, विसरली?"

दिव्यानी ट्रंकेतून स्टॅम्पपेपर काढून वाचत बसली. मग हळूच म्हणाली, "आजी, यात इंग्रजी महिना लिवला आहे. तीन सालाचे छत्तीस भाडे होतेत. तू सदतीस देल्ले."

"मले हिशोब शिकवून राह्यली? तुह्या बापाचं लगन, तीन एकराचं धान, सासऱ्याचं दुखनं, समदं या बोटावर मोजलं म्या!"

असं म्हणून ती बोटांच्या पेरांवर मोजायला बसली. पहिल्या साली सात सह्या. दुसऱ्या साली तेरा. मग बारा, आणि यंदाच्या पाच. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सदतीस.

चोराने नेलं असतं तर तिने चोराच्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथे तर तिनेच गाडीभाडं खर्चून, तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन, हसत हसत ते पैसे नेऊन दिले होते. पहिल्याच महिन्यात दिव्यानी म्हणाली होती, "आजी, एक तारखेले मी फोनवरून टाकत जाईन." तेव्हा केसरबाईने तिला काय काय सुनावलं होतं ते आता तिलाच आठवत होतं, शब्द न् शब्द.

गुणवंतराव ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. त्यांची बायको चंदाबाई आत चुलीशी होती.

"या बाई, या! काई राह्यलं का खोलीत? हिशोब तं झाला आपला. काई बाकी नाई म्हनून तुमीच बोल्ल्या."

"तुमची बाकी नाई म्हटलं होतं भाऊ. माही आहे."

तिने ऑगस्टचं पान उलगडून त्यांच्या पुढ्यात धरलं. दिव्यानीने स्टॅम्पपेपर दाखवला. गुणवंतरावांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"सह्या माह्याच आहेत. मी कुठी नाई म्हनतो? पन पुनवेचा महिना कोनं ठरवला? तुमीच ना? पुनवेनं राह्यल्या, अन आता तारखेनं मागून राह्यल्या?"

शब्द केसरबाईचेच होते आणि त्यांनी ते तिच्याच अंगावर टाकले होते. दिव्यानी काही बोलू पाहत होती, तिला तिने हातानेच गप्प केलं.

"भाऊ, तुमाले पेन्शन भेटते ना? त्या साली किती भेटल्या?"

"किती म्हंजे? बारा."

"बाराच? धोंड्याची नाई भेटली? मंग तुमचा धोंडा फक्त घेतानी येते का? देनारा मोठा मानूस असला तं बारा, अन केसरबाई असली तं तेरा?"

आत चंदाबाई फसकन हसली. "मी तवाच म्हटलं होतं याइले, आगस्टात भाडं दोनदा आलं म्हनून. तं मले म्हनते, देनारा देऊन राह्यला, तुहं काय जाते?"

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. "तू चाय मांड," ते आत बघून ओरडले. मग आवाज खाली आला. "देतो बाई. पन कागद लागन. उद्या कोनी म्हनन, गुणवंतनं बाईले लुटलं."

त्यांनी वहीचं पान फाडलं, भराभर लिहिलं आणि दिव्यानीकडे दिलं. ती मोठ्याने वाचू लागली, "मी केसरबाई, महिन्याचा हिशोब न समजल्यामुळे एक भाडे जास्त दिले. यात घरमालक गुणवंतराव यांची काहीही चूक नाही."

केसरबाई कागदावर वाकली. अक्षरं तिला सावकाश लागायची, पण लागायची. नावाच्या पुढच्या एका शब्दावर तिने बोट ठेवलं. "हा कोनता? हा तू वाचला नाई."

"काई नाई आजी, असाच आहे."

"वाच."

दिव्यानीने खाली पाहिलं. "अडाणी असल्यामुळे."

सव्वीस वर्षं बिनधन्याचा संसार ओढला, तोंडावर हा शब्द कोणी काढला नव्हता. आज तो लिहून पुढ्यात ठेवला होता आणि खाली तिच्याच सहीची जागा होती.

"चाल आजी," दिव्यानी उठली. "नाई पायजे आपल्याले. मी बाबाशी बोलीन, कोनाकडून तरी..."

"बस खाली. सोमवार कोनाची वाट पाहात नाई." केसरबाईने पेन घेतला. नाव रोज गिरवलेलं असूनही "र" तिरका गेला, शेवटचा "ई" ओळीच्या बाहेर पडला. ते पाहून तिला जास्त राग आला.

"राग मानू नका बाई," गुणवंतराव नोटा पुढे करत म्हणाले. "कागदाची भाषा तशीच असते."

"कागदावर तुमचंबी नाव आहे भाऊ. वाचनारा दोघायलेही वाचन."

चंदाबाई चहा घेऊन आली. केसरबाईने कपाला हात लावला नाही. पण चंदाबाईच्या हाताला लावला, एवढाच. आणि चपला पायात सरकवल्या.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. मुठीतल्या नोटा तिने दिव्यानीसमोर धरल्या. "मोज."

"तूच मोज ना आजी."

"मोज म्हटलं ना!"

दिव्यानीने उन्हातच एकेक नोट मोजली. "बावीसशे. बराबर आहे."

"ठेव तुह्याजवळ. गडचिरोलीवालीशी तूच बोल. मी बाहीर बसीन." चार पावलं चालून ती मागे न पाहताच म्हणाली, "तुह्या बापाले त्या कागदाचं सांगू नको."

"नाई सांगत आजी."

केसरबाईने पदर डोक्यावर ओढला आणि टेसनाच्या दिशेने चालू लागली. दिव्यानीला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागत होतं, पण पुढे होऊन तिचं तोंड पाहण्याची हिंमत काही तिला झाली नाही.