हिलालने दिलेली पेटी

मित्रांनो, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या भंगारात पडलेला हा गंजका गोळा म्हणजे मी, एका फियाटचा अल्टरनेटर. इंजिन मला पट्ट्याने फिरवायचे, मी वीज तयार करून बॅटरी भरायचो. ती वीज बेताची ठेवायला माझ्या पोटात एक रेग्युलेटर होता.

गाडी गोडादऱ्यातल्या शालिग्राम गुरुजींची. ते मराठी शाळेत शिकवत. रविवारी बॉनेट उघडून मला स्वतः पुसत आणि मुलीला, हर्षदाला, सांगत, "याच्या जिवावर आपले दिवे." मला फार बरे वाटे.

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली. जो तो गावाकडे निघाला. गुरुजींनीही आई सुभद्राबाईंना आणि हर्षदाला गाडीत बसवले. नेमका त्याच सकाळी माझा रेग्युलेटर जळाला. वीज आवरेना, बॅटरी उकळू लागली. गुरुजींनी गाडी कशीबशी हिलालच्या गॅरेजात आणली.

हिलाल अमळनेरकडचा, गाड्यांचे वायरिंग करणारा. त्याने मला खोलले. तसा रेग्युलेटर त्याच्याकडे नव्हता आणि दुकाने बंद. गुरुजी आईसाठी पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्याने स्वतःच्या जुन्या जीपमधली रेग्युलेटरची पेटी सोडवली.

त्याची बायको सुंदरा बघतच राहिली. "आन् आपन गावले कसं जासूत?"

"दुकान उघडनं का दुसरी लावसू."

त्याने माझ्यातला जळका तुकडा काढला, एक वायर बाहेर ओढली. अर्थिंग नीट मिळावे म्हणून इंजिनाशेजारच्या पत्र्याचा रंग खरवडून त्यावर पेटी घट्ट बसवली. इंजिन सुरू करून मीटर लावला. काटा चौदा व्होल्टच्या जरा वर, हवा तिथेच थांबला.

"दुकानं तर बंद आहेत. ही कुठून आणलीस?" गुरुजींनी विचारले.

"व्हती पडेल. तुम्ही निघा, गुरुजी."

आम्ही सुखरूप धुळ्याला पोहोचलो. मला खरे माहीत होते, पण माझ्या घरघरीला शब्द कुठून असणार?

महिन्याने परत आल्यावर गुरुजी पेढे घेऊन हिलालकडे गेले. तो एकटाच बसला होता. जीप जागची हलली नव्हती.

"सुंदरा कुठाय?"

हिलालने सगळे सांगितले. सुट्या भागांचे दुकान वेळेत उघडलेच नाही. तिसऱ्या दिवशी सुंदराला ताप भरला. दवाखान्यात नेली ती परत आली नाही.

गुरुजींची नजर जीपच्या उघड्या बॉनेटकडे गेली. तिथे पेटीच्या जागी स्क्रूची चार मोकळी भोके होती. त्यांना सारे कळले. ते पाना घेऊन आमची पेटी सोडवू लागले.

हिलालने त्यांचा हात धरला. "राहू द्या, गुरुजी. माले आते कोठे जानं शे?"

पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. त्यानंतर गुरुजींनी मला कधी पुसले नाही. बॉनेट उघडले की ते तोंड फिरवत. पुढे गाडी विकली, मोडली आणि मी इथे आलो.

मित्रांनो, माझी काळजी घेणारे हात चांगलेच होते. पण यंत्राला तेल घालताना ते दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात काय कमी आहे, तेही विचारत जा. आणि वेळेवर विचारा.