एक बोट बाहेर

थोरलीला लोकांच्या खोडी सहन होत नसत. दार लोटायचं सोडून आपटणारे, काउंटरवर अंगठीने टकटक करणारे, एकच गोष्ट तीनतीनदा विचारणारे, माप देताना पोट आत ओढून धरणारे आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येणारे, या सगळ्यांना ती तोंडावर बोलायची. गल्लीत तिला 'इन्स्पेक्टर' म्हणत. आईच्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकं येत ती आईच्या हाताच्या बेतासाठी. पण आत शिरताना पायपुसण्यावर दोनदा पाय घासत, ते मात्र थोरलीच्या धाकाने.

अशा बाईच्या घरात तीन आठवड्यांपूर्वी धाकटी बहीण परत आली. सहा वर्षं ती दुसऱ्या गावात तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला आणि ही सुटकेस घेऊन दारात उभी. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर. कपात बोटभर चहा उरवायचा आणि कप नेमका बेतायच्या टेबलावर ठेवायचा. कंगव्यात केस. गाण्याची पहिली ओळ दिवसभर गुणगुणायची, दुसरी कधी यायचीच नाही. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती बोलली की आई म्हणायची, "असू दे गं. दमून आली आहे पोर."

असू दे! थोरलीने आठवून पाहिलं. तिच्या वाट्याला हे दोन शब्द कधी आले होते? धाकटीच्या पाठीमागे आईची औषधं, दुकानाचं शटर, गिऱ्हाइकांची भांडणं, सगळं हिनेच सांभाळलं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. रोज समोर असलेल्या लेकीकडे कोण बघतं? आणि ही आली तर आईचा चेहरा असा उजळला, की जणू डोळ्यावरचा पडदाच गेला.

डोळ्याचंच तर सगळं होतं. आईच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला होता आणि डावाही फारसा साथ देत नव्हता. दिवसातून तीनदा थेंब घालून तिला अर्धा तास पडून राहावं लागे. खडूची खूण ती अजून करायची, अर्धी नजरेने, अर्धी बोटांनी. पण कात्री आता कोणा एकीच्या हातात द्यायला हवी, असं ती दोनदा म्हणाली होती. त्या दुकानात बेतणारी एकच असे. कात्री जिची, दुकान तिचं. दुसरीने जन्मभर मशीनवर टिपा मारायच्या.

त्या काळ्या मुठीच्या कात्रीला आई कोणाला हात लावू देत नसे. थोरलीने चौदाव्या वर्षी त्या कात्रीने वहीचं एक पान कापलं होतं, तर आईने कानाखाली वाजवली होती. "कागदाने धार जाते," एवढंच म्हणाली होती. आणि परवा धाकटीने त्याच कात्रीने बिस्किटांचा पुडा कापला. आईसमोर. थोरली श्वास रोखून वाट बघत राहिली. आई हसली. "वेंधळी ती वेंधळीच," म्हणाली, आणि पुड्यातलं एक बिस्कीट घेतलं.

थोरली त्या दिवशी जेवली नाही. मत्सर वाटतो हे तिने स्वतःशी कबूलही केलं. कबूल केल्याने तो कमी झाला नाही.

मग बेकरीवाल्या काकूंचं कापड आलं. त्यांच्या नवऱ्याने वारण्याआधी एका प्रवासात घेतलेलं, गडद निळं, लोकरीचं. काकूंना त्याचा कोट हवा होता. तेवढंच कापड होतं, एक सूत जास्त नाही.

आईने सकाळभर खपून त्यावर खडूने खुणा केल्या. या घरात खडूची रेघ म्हणजे टीप कुठे पडणार ती जागा. कात्री चालवायची ती रेघेच्या एक बोट बाहेरून, म्हणजे शिवणीला माया राहते. कारखान्यात मात्र रेघेवरच कापतात, माया आधीच धरलेली असते. धाकटीला घरची रीत ठाऊक नव्हती. जायच्या आधी तिने बटणं लावण्यापलीकडे काही केलंच नव्हतं.

आई उठली तेव्हा थोरली मशीनवर होती. आई जवळ येऊन म्हणाली, "मी थेंब घालून पडते. आज धाकटीला बेतू दे, बघू तरी तिचा हात. पण कात्री लावायच्या आधी तिला एक बोट सांग. विसरू नकोस."

आज धाकटीला बेतू दे. थोरलीने फक्त मान हलवली. मशीन चालूच ठेवलं.

धाकटी टेबलापाशी आली. कप कडेला ठेवला. कात्री उचलली, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, लावू ना कात्री? खूण बरोबर आहे ना?"

ज्या बाईला समोरच्याचं सुटलेलं बटणसुद्धा रस्त्याच्या पलीकडून दिसायचं, ती बाई सहा फुटांवर बसून होती. एक शब्द पुरला असता.

"खूण आईची आहे," थोरली म्हणाली. "बरोबरच असणार."

आणि मूग गिळून बसली. कात्री अगदी रेघेवरून चालली, तिचा तो करकर आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला. धाकटीचा हात सुरेख होता. तेही तिला सहन झालं नाही.

अर्ध्या तासाने आई बाहेर आली, कापलेल्या तुकड्याच्या कडेवर बोट ठेवलं आणि तिथेच थांबली. दुसरा तुकडा चाचपला. मग तिसरा.

"मी रेघ सोडली नाही गं आई," धाकटी म्हणाली. "सूतभरही नाही." मग आईचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. "काय झालं?"

आई थोरलीकडे वळली. "मी तुला सांगितलं होतं ना, हिला एक बोट सांग म्हणून? तू हो म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी बोलले होते, की नुसतं मनात म्हटलं?"

खरं सांगायला हीच वेळ होती. पण धाकटी बघत होती. तिच्यादेखत मान खाली घालायची?

"नाही," थोरली म्हणाली. "काही बोलली नव्हतीस."

आई स्टुलावर बसली. थोड्या वेळाने तिने कात्री उचलून थोरलीपुढे धरली. "मग डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं माझं. धर. आजपासून तू बेत. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

इतकी वर्षं हवी होती ती वस्तू हातात आली, आणि ती कधी एकदा खाली ठेवते असं थोरलीला झालं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या काकू आल्या. आईने दोष स्वतःवर घेतला. काकूंनी कापलेले तुकडे मांडीवर ठेवले. रागावल्या नाहीत. "कुठून घेतलं होतं तेही विचारायचं राहिलं त्यांना," एवढंच म्हणाल्या. शेवटी ठरलं, बाह्या काढून टाकायच्या आणि त्यांच्या कापडाच्या पट्ट्या बगलेखाली जोडायच्या. बिनबाह्यांचा होईल, पण अंगात जाईल.

त्यानंतर आईला स्वतःचाच भरवसा उरला नाही. "मी गॅस बंद केला का गं?" "केलास." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. थेंब घातले की ती खिडकीत एक बटण ठेवू लागली, विसरायला नको म्हणून. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि निजण्याआधी तीनही बटणं बोटांनी मोजून डब्यात टाकायची. खुणा करणं तिने सोडून दिलं. धाकटी ओला टॉवेल दोरीवर वाळत घालू लागली, कप धुऊन ठेवू लागली, गाणं तर बंदच. तिला वाटत होतं, आपल्यामुळे आई अशी झाली. घर इतकं शिस्तीचं झालं की थोरलीला बोलायला काही उरलं नाही, आणि ते सुनं घर तिला खायला उठू लागलं.

निळ्या कापडाला कात्री लावायचं ती आठवडाभर टाळत होती. शेवटी एका दुपारी टेबलावर बाह्या पसरल्या. धाकटी धागे आणायला गेली होती. आई शेजारी स्टुलावर होती.

"बाह्या उलट बाजूने मांडायच्या, हे मी तुला सांगितलं का?"

"सांगितलंस आई."

"नक्की? की नुसतं मनात म्हटलं?"

थोरलीने कात्री खाली ठेवली. "तेव्हाही सांगितलं होतंस. एक बोट सांग म्हणून. मी ऐकलं होतं. मुद्दाम गप्प बसले. मग खोटं बोलले."

"म्हणजे मी बोलले होते," आई म्हणाली. "तोंडाने बोलले होते!" आणि चक्क हसली. उठून खिडकीपाशी गेली, दोन बटणं होती ती ओंजळीत घेऊन डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. पाठमोरीच उभी राहिली. वळली तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"का गं?"

थोरलीजवळ उत्तर होतं, पण ते चाळिशीच्या बाईने द्यावं असं नव्हतं. "तिने तुझ्या कात्रीने बिस्किटांचा पुडा कापला," ती म्हणाली आणि रडायला लागली. "आणि तू हसलीस."

आई म्हणाली, "ती परक्यासारखी सुटकेस घेऊन आली होती. पाहुणीला कोणी कानाखाली मारत नाही. तुला मारली, कारण तू कुठे जाणार नव्हतीस." तिने हात पुढे केला. "कात्री."

थोरलीने कात्री दिली.

"धाकटी आली की तिला तू सांगायचंस. मी नाही. बेकरीत जाऊन काकूंनाही तूच सांगायचंस."

"सांगते."

"खडू दे." आईने वाकून, डोळा कापडाच्या पार जवळ नेऊन, डाव्या अंगठ्याने कड धरत रेघ ओढली. रेघ सरळ आली. मग तिने कात्री उचलली. "टोक धर. आणि बोलत राहा. काही चुकताना दिसलं की बोलत जा, बाई. लोक इन्स्पेक्टर म्हणू देत. तू गप्प बसलीस की आता मला भीती वाटेल."

थोरलीने आपल्या बाहीने डोळे पुसले आणि कापडाचं टोक धरलं.

"आई," ती म्हणाली, "तुझा अंगठा रेघेवर आलाय."

आईने अंगठा एक बोट बाहेर सरकवला आणि कात्री लावली.