थोरलीची पूर्व बाजू

माझी नोकरी पावलं पुसण्याची आहे. हे लोकांना सांगायला अवघड जातं, म्हणून आई शेजारणींना सांगते की आमचा हद्दू पर्यटनात आहे.

काम तसं सोपं. मेर्झूगा गावाच्या मागे जी सगळ्यात उंच वाळूची टेकडी आहे, तिला आम्ही थोरली म्हणतो. उजाडायच्या आधी मी फरीदा नावाच्या उंटिणीला मागून एक जुना गालिचा बांधतो, त्यावर दोन दगड ठेवतो आणि तो थोरलीच्या अंगावरून ओढत नेतो. आदल्या दिवशीची माणसांची, उंटांची, भुंग्यांची पावलं पुसली जातात. पुढे मी, माझ्यामागे फरीदा, तिच्यामागे गालिचा, त्यामुळे आमचीही जातात. मग सूर्य वर येतो आणि परदेशी पाहुणे समोरच्या बुटक्या टेकडीवर तिवया रोवून, सृष्टीच्या आरंभापासून इथे कोणी फिरकलेलंच नाही अशा चेहऱ्याने फोटो काढतात. थोरलीची कड तेव्हा सुरीसारखी दिसते. एक बाजू लाल, दुसरी निळी. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून मला त्यात खोट काढता आलेली नाही, याचा थोडा रागच येतो.

माझी तुदा आत्या माणसं पुरते. हाही धंदाच आहे, फक्त तो आमच्या नोकरीपेक्षा जुना. जुलै-ऑगस्टमध्ये गुडघे धरलेले, कंबर गेलेले लोक रबात, फेस अशा लांबच्या शहरांतून तिच्याकडे येतात. दुपारी ती त्यांना तापलेल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरते, डोक्यावर छत्री धरते, वरचेवर पाणी पाजते आणि दहा-बारा मिनिटांनी उकरून घोंगडीत गुंडाळून ठेवते. तिची एकच अट. खड्डा पहाटे उघडायचा आणि पहिलं ऊन त्याच्या तळाला लागलं पाहिजे. उशिरा उघडलेला खड्डा वरून भाजतो, खालून गार राहतो आणि माणूस अर्धाच बरा होतो. अर्ध्या बऱ्या माणसांचा तिला भारी तिटकारा आहे.

आता पहिलं ऊन लागतं ते थोरलीच्या पूर्व बाजूला. म्हणून तिची आई तिथेच खणायची आणि तीही तिथेच खणते. फोटोवाल्यांनाही नेमकी तीच बाजू हवी असते. पण ते हिवाळ्यात यायचे आणि आत्या उन्हाळ्यात खणायची, त्यामुळे कधी भांडण झालं नाही.

यंदा हाजी बुजमाला, म्हणजे माझ्या मालकाला, ऑगस्टमध्ये तंबू रिकामे ठेवण्याचा कंटाळा आला. त्याने फोटोग्राफी शिकवणाऱ्या मुस्यू रेमी नावाच्या एका फ्रेंच माणसाला आठ शिष्यांसकट बोलावून घेतलं. शिबिराचं नाव होतं ‘अस्पर्श वाळवंट’.

पहिल्या पहाटे मी जीव तोडून थोरली पुसली. पूर्वेला तांबडं फुटलं, शिष्यांनी श्वास रोखले, कडेवर लाल रेघ उमटली आणि खाली उतरू लागली. अर्ध्या उतारावर आल्यावर तिला अकरा खड्डे लागले. थोरली अंगावर देवी येऊन गेल्यासारखी दिसत होती. अकराव्या खड्ड्यातून आत्याचं फावडं तेवढं वरखाली होत होतं.

मुस्यू रेमीने कॅमेऱ्याला झाकण लावलं. माणूस मेल्यावर डोळे मिटवतात, तितक्या हळुवारपणे.

“कॉम्प्युटरवर खड्डे पुसता येतात ना?” मी अदबीने विचारलं.

“मी खोटा फोटो काढत नाही,” तो म्हणाला.

मी गालिच्याकडे पाहिलं. गालिचा काही बोलला नाही.

त्या संध्याकाळी हाजी बुजमा साखरेचा अख्खा सुळका घेऊन आत्याच्या घरी आला. आमच्याकडे लग्न ठरवायला किंवा खून मिटवायला साखर नेतात. आत्याने ती ठेवून घेतली, हातोडीने तिचा एक तुकडा पाडला आणि चहा टाकला.

“लल्ला तुदा,” म्हणजे तुदाबाई, अशी मानाची हाक मारून हाजी म्हणाला, “पश्चिमेची बाजू मोकळी पडलीय.”

“पडू दे. तिला आराम.”

“तिकडे खणा. वाळू तीच.”

“वाळू तीच. ऊन तेच नाही. बुजमा, तुझ्या आईला मी सलग सात उन्हाळे पुरलं. कुठल्या बाजूला पुरलं?”

“आईचं नाव मध्ये कशाला?”

“चालत तुझ्या लग्नात आली म्हणून.”

हाजीने पहिला पेला संपवला. “बरं, आठ वाजता खणा. तोवर त्यांचं आटोपतं. फक्त दहा दिवस.”

“आठला खणलं तर पहिलं ऊन काय परत बोलावू?”

“लोकांना कळत नाही हो, पहिलं लागलं की दुसरं.”

“गुडघ्याला कळतं.”

दुसरा पेला. हाजीचा आवाज बदलला. “मी हद्दूला खड्डे बुजवायला सांगेन. माझा पगार खातो तो.”

“सांग की. फावडं धरायला त्याला मीच शिकवलंय. वाईट बुजवलंन तर माझंच नाव जाईल.”

मी कोपऱ्यात बसून हे ऐकत होतो. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही, यावरून माझं मत किती महत्त्वाचं आहे ते मला कळलं. तिसरा पेला नाकारणं अपमानाचं असतं, म्हणून हाजीने तोही रागारागाने प्याला आणि गेला.

“आत्या,” मी म्हणालो, “दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“यंदा दहा दिवस. पुढच्या वर्षी महिना. त्याच्या पुढच्या वर्षी तिथे पाटी लागेल आणि मी पाटीला सलाम करून पश्चिमेला जाईन. तिथे मी माणसं पुरायची नाही, नुसती झाकायची. मग ती यायची कशाला?” तिने माझा पेला भरला. “चहा पी. उद्या तुला माझ्याविरुद्ध काम आहे.”

दुसऱ्या पहाटे मी थोरलीवर पोचलो तेव्हा तिचे खड्डे खणून झाले होते. हाजी समोरच्या टेकडीवर पाहुण्यांना कॉफी देत उभा होता, म्हणजे माझ्यावर नजर ठेवून होता. मी फरीदाला खालच्या टोकाच्या अकराव्या खड्ड्यावरून नेलं. गालिच्याने वाळू आत ढकलली. खड्डा गेला. मी दहाव्याकडे वळलो. मागे वळून पाहिलं तर आत्या अकरावा परत खणत होती.

मी दहावा बुजवला. तिने अकरावा पुरा करून दहावा खणायला घेतला. मी नववा बुजवला. आम्ही दोघं थोरलीवर असे चढत होतो की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काहीतरी प्राचीन शेतीचा प्रकार चाललाय.  मी बुजवत गेलो, ती खणत आली. फक्त मला उंटीण होती आणि तिला साठ वर्षं होती, त्यामुळे हळूहळू माझं अंतर वाढत गेलं. मी पाचव्याशी पोचलो तेव्हा तिच्या पाठीमागे चारच खड्डे उघडे होते, मधे दोन बुजलेले. सहावा आणि सातवा. पूर्वेचं आभाळ आता पिवळं झालं होतं.

“आत्या, थांब ना,” मी म्हणालो. “दमलीस.”

“सहावा कोणाचा माहितीय?” ती खणता खणता म्हणाली. “फातना बाईचा. दोन हात वर होत नाहीत तिचे. केस सून विंचरते आणि सुनेशी तिचं पटत नाही. तू सांग तिला, फोटो होता म्हणून.”

मी पाचवा बुजवला. मी हे लिहितोय ते चांगलं दिसावं म्हणून नाही. बुजवला.

चौथ्याकडे वळलो तर खड्ड्यात कोणीतरी बसलेलं.

सी, म्हणजे श्रीयुत, अब्देलकबीर होते. रबातच्या टपाल खात्यातले निवृत्त कारकून, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अंगात पायजमा, पायात मोजे, काखेत छत्री. खड्ड्यात पाय सोडून ते टपालाच्या खिडकीशी बसल्यासारखे बसले होते.

“तुमची वेळ दुपारी तीनची आहे,” मी म्हणालो.

“माझा खड्डा नंबर चार आहे,” ते म्हणाले. “तो भरायचा असेल तर मला आत धरून भर. पण मग नीट भर, गळ्यापर्यंत.”

“तुम्ही वर चढलात कसे?”

“ते मलाही कळलेलं नाही. अर्ध्या वाटेवर गुडघ्यांनी तक्रार केली. मी म्हटलं, अर्ज लेखी द्या.”

त्यांच्यामागून उरलेले येत होते. काठ्या टेकत, एकमेकांच्या खांद्याला धरून, दोघीजणी चक्क रांगत. गावात साखरेची बातमी सगळ्यांना कळली होती. ज्यांना जिना चढवत नव्हता असे एकूण अकरा लोक थोरलीवर चढून आले आणि आपापल्या खड्ड्याच्या काठावर बसले. ज्यांचे खड्डे बुजले होते ते बुजलेल्या जागेवर बसले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सातवा खणत होती.

तेवढ्यात कडेवर लाल रेघ उमटली.

“बाहेर, फ्रेमच्या बाहेर व्हा,” मुस्यू रेमी ओरडत पळत आला आणि थोरलीच्या पायथ्याशी घोट्यापर्यंत रुतला. मी भाषांतर केलं. सी अब्देलकबीर म्हणाले, त्यांना विचार, फ्रेम कुठल्या जिल्ह्यात येते. मी ते भाषांतर केलं नाही.

पण त्याच्या शिष्यांमधल्या एका उंच बाईने तिवई उचलून पुढे आणली होती. वर लाल कड, खाली निळ्या उतारावर काळे खड्डे आणि त्यांच्या काठावर बसलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या काखेत छत्री. तिने फोटो काढला. मग दुसऱ्याने काढला. मग आठही जणांनी. मुस्यू रेमीने त्यांच्याकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

हाजी बुजमा धापा टाकत वर आला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि हे काही उन्हामुळे नव्हतं.

“लल्ला तुदा, मिटलं. रोज बसवा यांना. सकाळचा खास कार्यक्रम. प्रत्येकाला दिरहॅम देतो, तुम्हाला वेगळे. खड्डे असू देत. खड्डे उलट वाढवा.”

मला वाटलं, झालं. जिंकलो आपण.

आत्या सरळ उभी राहिली. कमरेवर हात ठेवला. “छत्र्या,” ती म्हणाली.

अकरा छत्र्या एकदम उघडल्या आणि समोर आडव्या झाल्या. अकरा चेहरे दिसेनासे झाले.

“ही दुखणी आहेत, बुजमा,” ती म्हणाली. “देखावा नाही. ज्याला यांचा चेहरा हवा त्याने ज्याचा त्याला विचारावं. आणि बसवायला हे तुझे तंबू नाहीत. त्यांना हवं तेव्हा येतील.”

“आज मी नाही म्हणत नाहीये, तर तुम्ही का नाही म्हणताय?”

“तू हो म्हणालास म्हणून मी इथे खणते, असं उद्या तू लोकांना सांगशील. मग परवा तू नाही म्हणू शकशील.”

 हा मुद्दा हाजीला पटला असावा, कारण तो माझ्यावर खेकसला. “हद्दू, पाचवा आणि सहावा अजून बुजलेले आहेत. सातवाही बुजव. निदान अर्धी बाजू तरी साफ राहू दे.”

लाल रेघ आता दुसऱ्या खड्ड्याच्या वर आली होती. मी फरीदाच्या पाठीवरून गालिच्याचा दोर सोडला. मग फावडं मागितलं. आत्याकडे एकच होतं, तिने दिलं आणि ती हातांनी खणायला लागली.

“तुझी नोकरी गेली,” हाजी म्हणाला.

“हो, हाजी.”

“उद्या येऊ नकोस.”

“यावं लागेल. उद्या कंबरेचे दोन नवीन आहेत.”

पाचवा खड्डा मी बुजवला होता, तो मीच उघडला. बाजू ढासळत होत्या, वाळू परत आत येत होती. सहाव्याच्या जागेशी बसलेली फातना बाई छत्रीमागून म्हणाली, “जरा उरक रे. बोलण्यात फार वेळ घालवतोस तू.” मी पाचवा उरकला आणि सहावा उघडायला घेतला. रेघ चौथ्यातून निघाली, सी अब्देलकबीरच्या मोज्यांवरून सरकली आणि माझ्या फावड्यावर आली. मी बाजूला झालो तेव्हा सहाव्याचा तळ ओला, काळा दिसत होता. मग तो लाल झाला.

आत्या गुडघ्यांवर रांगत आली, तिने आत हात घातला आणि तळव्याने तळ दाबून पाहिला.

“लागलं,” ती म्हणाली. “फावडं दे इकडे, सातवा अजून उरलाय. आणि पाचवा तिरका खणलायस.”