पुढचा की मागचा

डोमाजी मेश्रामांचा शेवटचा रविवार अगदी साधा गेला. सकाळी ते आणि दुर्वा शहपुऱ्याच्या रस्त्यावर फेरी मारून जबलपूरच्या रांझी भागातल्या घरी परतले, सायकली अंगणातल्या भिंतीला टेकवल्या आणि डोमाजींच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, आणून दिलेलं पाणी उभ्याउभ्याच प्यायले. वरच्या खोलीच्या खिडकीशी त्यांची मुलगी यशोधरा उत्तरपत्रिका तपासत बसली होती. लाल पेन हातात होतं, लक्ष मात्र खाली अंगणात.

"काकू, आज आम्ही अदलाबदल केली," दुर्वा सांगत होती. "येताना काका माझ्या सायकलवर आणि मी त्यांच्या. माझा तर अर्ध्या रस्त्यातच जीव गेला."

"सायकलीले नावं नको ठेवू," डोमाजी म्हणाले. "तुझी सायकल महाग हाय, पाय स्वस्त हायेत."

पार्वताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दुर्वाही हसली. वर यशोधरानं एका बरोबर उत्तरावर काट मारली आणि मग ती काट खोडत बसली.

भिंतीला टेकलेली डोमाजींची सायकल यशोधरानं घेऊन दिलेली होती. अख्खी नोकरी डोमाजींनी कारखान्याची पाळी एका काळ्या, जडशीळ सायकलवर केली. निवृत्त झाले त्या महिन्यात मुलीनं त्यांच्यापुढे रोड बाइक आणून उभी केली: खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, अॅल्युमिनियमची फ्रेम. यशोधरा कॉलेजात इतिहास शिकवायची आणि साधी इस्त्रीसुद्धा वाचल्याशिवाय विकत घेत नसे. सायकलींबद्दल तर तिनं महिनाभर वाचलं. त्यातून एवढं कळलं की एका किमतीपर्यंत टाकलेल्या पैशाचं काहीतरी पदरात पडतं. त्याच्यापुढे किंमत भराभर वाढत जाते आणि वजन जेमतेम कमी होतं. तिनं त्या रेषेच्या जरा अलीकडची सायकल निवडली. डोमाजी गल्लीतून फेरी मारून आले आणि म्हणाले, "ही तर आपल्या मनानंच पळून राहिली. मी नुसता बसलो."

त्या एका वाक्यावर यशोधरानं दोन वर्षं काढली. मग दुर्वा आली.

दुर्वा पुण्याची. बँकेतल्या बदलीनं जबलपूरला आलेली, सिव्हिल लाइन्सला एकटी राहणारी, यशोधराहून दहा-बारा वर्षांनी लहान. डुमनाच्या रस्त्यावर कडेला उभी राहून ती फोनवर मराठीत बोलत होती, ते ऐकून डोमाजींनी ब्रेक दाबला. त्यानंतर दर रविवारी, आणि कधी मधल्या वारीही, दोघं सोबत निघू लागले. तिची सायकल कार्बनची होती. तिच्या पैशात यशोधरानं दिलेल्यासारख्या पाच आल्या असत्या. डोमाजींनी ती पहिल्यांदा उचलली तेव्हा यशोधरा दारातच होती. लोक दुसऱ्याचं बाळ जसं उचलून घेतात, जरा भीत आणि डोळे भरून, तसं त्यांनी तिला चाकापासून हँडलपर्यंत पाहिलं होतं.

मत्सर हा शब्द यशोधराच्या चांगल्या ओळखीचा होता. ज्या राजघराण्यांवर ती वर्गात बोलायची त्यांची निम्मी गोष्ट त्याच्यावरच चाले. आपल्या घरी, अडतिसाव्या वर्षी, एका सायकलीच्या निमित्तानं तो येऊन बसेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

तिला स्वतःला सायकल येत नव्हती. लहानपणी एकदा नाल्यात पडली, ती पुन्हा बसलीच नाही. दुर्वा यायच्या आधी डोमाजी एकदा म्हणाले होते, "शिकून घे ना आता. सोबत जाऊ."

"मला नाही जमणार या वयात," ती म्हणाली आणि विषय संपला. त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. पण एकदा नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा अडचणीत टाकायचं नाही, असा डोमाजींचा स्वभाव.

"मला" म्हणण्यावरूनही तिला घरात चिडवत. घरी सगळे मले-तुले बोलायचे. यशोधरानं ते कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सोडलं होतं. "आमची पोरगी पुस्तकातून बोलते," डोमाजी पाहुण्यांना सांगत. दुर्वाही मला-तुला करायची. तिला कधी कुणी चिडवलं नाही.

आणि मग तो चक्क्याचा प्रकार झाला. दुर्वाच्या सायकलचं मागचं चाक लचकायला लागलं होतं. डोमाजी फोनवर तिला म्हणाले, "उद्या येताना चक्का घेऊन येजो. पाहून देतो." जबलपुरात चाकाला चक्काच म्हणतात; मराठी घरांतही आता तोच शब्द चालतो. दुसऱ्या दिवशी दुर्वा स्कूटरवरून आली आणि तिनं स्टीलचा डबा डोमाजींच्या हातात ठेवला. आत पांढरंशुभ्र, घट्ट, पाणी निथळलेलं दही. डोमाजी त्याला नुसतं बांधलेलं दही म्हणत.

"हे काय हाय?"

"चक्का. तुम्हीच म्हणालात ना, काका, पाहून देतो म्हणून. मला वाटलं तुम्हाला श्रीखंडाची पारख आहे."

डोमाजींनी डब्यात पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

"इथल्या डेअरीत मागितला," दुर्वा पुढे सांगत होती, "तर तो माणूस म्हणाला, चक्का तो साइकिल की दुकान पे मिलेगा, दीदी. मला वाटलं टिंगल करतोय. मग रात्रभर घरीच दही टांगलं."

डोमाजी पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पार्वताबाईंनी त्याच चक्क्यात साखर घोटली, जायफळ किसलं आणि सगळ्यांना वाट्या दिल्या. श्रीखंड म्हणजे यशोधराचा जीव की प्राण. दर वाढदिवसाला आई तेच करायची. त्या दिवशी तिनं वाटी परत केली.

"मला नको. घसा धरलाय."

डोमाजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आपली वाटी चाटून घेतली. त्या दिवसापासून दुर्वाचं नाव श्रीखंड पडलं. "श्रीखंड आली का? श्रीखंडचा फोन होता का?" यशोधराला ते यशोधराच म्हणत, पूर्ण चार अक्षरं. लाडाचं नाव तिला कधी मिळालंच नव्हतं.

तर त्या शेवटच्या रविवारी, पाणी पिऊन झाल्यावर, दुर्वा निघाली. डोमाजी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. यशोधरा चहाचा कप ठेवायला म्हणून खाली येत होती, ती जिन्यातच थांबली. वडील आवाज खाली करून बोलत होते. त्यातलं थोडंच तिच्यापर्यंत पोचलं.

"...चक्का आणजो बरं. आठवणीनं."

"पुढचा की मागचा, काका?"

यावर दोघंही जोरात हसले. डोमाजी फाटकाला धरून हसले.

यशोधरा कप घेऊन परत वर गेली. तिला सगळं कळलं होतं. कार्बनवर बसून आल्यावर आपण दिलेली सायकल त्यांना जड वाटते आहे. तिच्यात हलकी चाकं घातली की जरा बरी पळेल. आणि ती चाकं त्यांनी मुलीकडे मागितली नाहीत, परक्या पोरीकडे मागितली. तेही हळू आवाजात, हसत.

संध्याकाळी डोमाजी वर आले. खुर्चीवरचे पेपर बाजूला करून बसले.

"काहून चूप हायेस आज?"

"काही नाही. पेपर आहेत."

"पोट्टे पास होऊन राहिले का नाही?"

"होतील."

ते थोडा वेळ बसले, टेबलावरचं एक पुस्तक उघडून पाहिलं, मिटलं, आणि "चलो" म्हणत गुडघ्यांवर हात टेकून उठले. माझी सायकल कमी पडते का, एवढंच तिला विचारायचं होतं. जिन्यावरचा त्यांच्या चपलांचा आवाज संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

मंगळवारी दुपारी डोमाजी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

घर माणसांनी भरलं. नागपूर-भंडाऱ्याकडची मंडळी रात्रीच्या गाडीनं आली, वस्तीतल्या लोकांनी सगळं अंगावर घेतलं, बुद्धवंदना झाली. यशोधराला रडू आलं नाही. बायका एकमेकींत कुजबुजत होत्या की शिकलेल्या मुली अशाच असतात. दुर्वा मात्र अंगणात त्या सायकलीजवळ उभी राहून रडत होती, अगदी लहान पोरीसारखी, नाक पुसत. हे रडणंसुद्धा आपल्या वाट्याचं होतं आणि तिनं उचलून नेलं, असं यशोधराला वाटलं. स्वतःची लाज वाटून ती आत जाऊन भांडी पुसायला लागली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. सायकल भिंतीलाच टेकलेली राहिली. पुढचं टायर हळूहळू बसत गेलं. पार्वताबाई रोज झाडताना ती पुढे सरकवत आणि झाडून झालं की परत जागेवर ठेवत. यशोधरा तिला हात लावत नव्हती.

तिच्या वाढदिवसाच्या सकाळी फाटक वाजलं. यंदा तो वाढदिवस घरात कुणी उच्चारलाही नव्हता. दुर्वा स्कूटरवरून उतरली. खांद्याला कापडाची मोठी गोल पिशवी होती. ती ओट्यावर आली, यशोधराच्या पाया पडावं की हात हातात घ्यावा हे तिला कळेना, मग तिनं पिशवी उघडून एक चाक बाहेर काढलं. काळं, बारीक, अगदी हलकं.

"ताई, हे तुमच्यासाठी."

यशोधरा चाकाकडे पाहत राहिली.

"काकांनी सांगितलं होतं. त्या रविवारी, निघताना. म्हणाले, यशोधराचा वाढदिवस येतो आहे, तिच्यासाठी चक्का आणजो. मी विचारलं, पुढचा की मागचा? तर ते हसतच सुटले, म्हणून मीही हसले. मी म्हटलं पुढचा आणावा. माझ्या जुन्या सायकलचं आहे, पण चांगलं आहे. त्यांच्या सायकलला बसेल." ती थांबली. "मला वाटलं, तुम्ही चालवायला शिकणार आहात. त्यांनी ठरवलं असेल तसं."

यशोधराचं डोकं चालेना. "माझ्यासाठी? चाक?"

पार्वताबाई दारात येऊन उभ्या होत्या. कधीपासून, ते दोघींना कळलं नव्हतं. त्यांनी दुर्वाच्या हातातलं चाक पाहिलं, दुर्वाचा चेहरा पाहिला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू येता येता मोडलं.

"अवो पोरी, हा चक्का नाही. तुझावाला चक्का. दह्याचा."

"काय?"

"मले म्हणत होते, जायफळ घरात हाय का पाहून ठेव. तेव्हा खाल्लं नाही ना तिनं, म्हणे. श्रीखंडले सांगितलं हाय, ती घरी बांधून आणून देते." पार्वताबाई उंबऱ्यावरच बसल्या. "जायफळ आणून ठेवलं त्यायनं. डब्यात हाय अजून."

दुर्वानं चाक पोटाशी धरलं. "पण मी तर तेव्हापासून लक्षात ठेवलं होतं, काकू. की काका चक्का म्हणाले म्हणजे चाक."

"अन् त्यायनं ध्यानात ठेवलं, का तू चक्का म्हणते म्हणजे दही."

यशोधरा भिंतीला पाठ लावून उभी होती. वडील फाटकाला धरून हसत होते, ते तिला पुन्हा दिसलं; या वेळी त्या हसण्याचं कारण वेगळं होतं. पुढचा की मागचा. दह्याचा. श्रीखंडनं विनोद केला असं त्यांना वाटलं असणार. आणि तरीही, हे सगळं कळल्यावरही, आत एक काटा हललाच: आयुष्यभर ज्याला ते बांधलेलं दही म्हणत आले, त्याच्यासाठी शेवटी त्यांनी हिचा शब्द घेतला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुझी सायकल खरंच पाचपट चांगली आहे का?"

दुर्वानं नाक पुसलं. तिनं प्रश्न मनावर घेतला, याचं यशोधराला बरं वाटलं.

"चांगली आहे, ताई. उतारावर वळताना कळतं, जोरात ब्रेक लावला की कळतं. लांबच्या रस्त्यावर हात कमी दुखतात. पण पाचपट नाही. दीडपट म्हणा. बाकीचं मी हौसेसाठी दिलं."

"आणि बाबा काय म्हणाले? त्या दिवशी बसून आले तेव्हा?"

"आवडली त्यांना. मस्त हाय म्हणाले. मी म्हटलं, घरापर्यंत न्या, काकूंना दाखवू. तर गल्लीच्या तोंडाशीच उतरले. म्हणाले, आता माझी दे इकडे. यशोधरा वरून पाहून राहिली असते."

दुर्वानं चाक पिशवीत घातलं, मग पुन्हा काढलं आणि भिंतीशी, सायकलीच्या शेजारी उभं करून ठेवलं. "संध्याकाळी चक्का आणून देते," ती म्हणाली. "दह्याचा." पार्वताबाई तिला हाताला धरून आत चहाला घेऊन गेल्या.

अंगणात ऊन आलं होतं. यशोधरा सायकलीजवळ गेली. सीटवर धुळीचा थर होता; तो तिनं ओढणीनं पुसला. हँडलवरची पट्टी जिथे त्यांची बोटं यायची तिथे झिजून गुळगुळीत झाली होती. तिनं दोन्ही हात बरोबर तिथे ठेवले. सायकल भिंतीपासून सुटली आणि तिचा सगळा भार हातांवर आला. फार नव्हता.

आतून कपबशांचा आवाज येत होता. तिनं तो थांबायची वाट पाहिली नाही.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मले पण यायचं होतं तुमच्यासंगं."