कानपिळ्याचा मान

होमापुढे बसलेल्या केरबाच्या उजव्या कानाकडे सगळा मांडव बघत होता. कानावरून कळतं की काय? केरबाने मान खाली घातली.

नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला सांभाळीन असं वदवून घ्यायचं, पागोटं घेऊन सोडून द्यायचं. रीत एवढीच.

पण भाऊ नाथाजी होता.

पलटणीत असताना, इटलीच्या डोंगरात दोघांनी एका कांबळ्याखाली हिवाळा काढला होता. थंडीमुळे. सुरुवातीला थंडीमुळे.

लढाई संपली. लोणंदला गाडीतून उतरताना नाथाजीच म्हणाला, माझ्या बहिणीला बघून जा. राही गुऱ्हाळावर चुलवाणाच्या जाळात उसाची चिपाडं सारत होती. वर न बघता तिने दोघांनाही बाजूला व्हायला सांगितलं. केरबाच्या छातीत काहीतरी हललं. ते खरं होतं.

खरं होतं ना?

तेव्हापासून तो स्वतःलाच विचारत होता.

राहीची हनुवटी आवडली. नाथाजीचीही तशीच आहे. मग?

राहीचं तोडून बोलणं आवडलं. नाथाजी तर गोडबोल्या. मग?

पलटणीत जायच्या आधी गावातल्या बनुबाईपायी अन्न गोड लागेनासं झालं होतं. म्हणजे बायका आवडतात. म्हणजे नाथाजी फक्त थंडीमुळे.

नाही. उन्हाळ्यातही.

हे दोन्ही ज्याच्यात खरं आहे असा माणूस त्याने गावात पाहिला नव्हता. असलाच तर तोही असाच गप्प बसला असेल.

नाथाजी पुढे आला. हात मोडलाय का, पीळ की, असं कुणीतरी मागून म्हणालं. बायका हसल्या. नाथाजीची बोटं गार होती. तोंड केरबाच्या कानाशी आलं.

"तिच्यात मला हुडकू नगंस."

"न्हाई. ती येगळी हाय."

"आन मी?"

केरबा होमाकडे बघत राहिला. मांडवातलं हसू विरत चाललं. आता बघतील. आता कुणीतरी विचारील. तेवढ्यात नाथाजीने करकचून पिळलं, केरबा कळवळला, मांडव पुन्हा हसला. सांभाळीन, असं तो मोठ्याने म्हणाला. पागोटं दिलं. नाथाजी मागे न बघता गर्दीत गेला.

सकाळी वरातीच्या छकड्यात, पाठराखीण म्हणून आलेली अंबूबाई पेंगत होती. लग्न लागल्यापासून राही पहिल्यांदाच बोलली.

"आवं, दादा कानात काय म्हनला?"

खोटं तयार होतं. पण असं सरळ विचारणाऱ्या माणसाशी खोट्याने सुरुवात करायची?

"म्हनला, तिच्यात मला हुडकू नगंस."

चाक दगडावरून गेलं.

"मग हुडकताय?"

"न्हाई. तुला बघतो तवा तूच दिसतीस."

"आन त्यो आठवतो?"

"व्हय."

अंबूबाईचं डोकं राहीच्या खांद्यावर कललं, ते तिने सावरलं. ओढ्याच्या चढाला बैल अडले, सगळे उतरू लागले. केरबाने हात पुढे केला. राही हात न धरता उतरली. पण नव्या नवरीने चालावं तशी मागूनही चालली नाही; पदर खोचून त्याच्या बरोबरीने चढ चढू लागली. तिला काय समजलं, हे विचारायचा केरबाला धीर होईना.