गोपालच्या अंगातला परका

मांत्रिक महाराजांनी लिंबू कापलं आणि लालभडक रस टपकला, तशी बार्शीटाकळीच्या त्या अंगणातली गर्दी मागं सरली. शकुन मात्र खाटेजवळच उभी राहिली. तिचा नवरा गोपाल खाटेवर डोकं गच्च धरून बसला होता आणि तिलाच विचारत होता, "बाई, तुमी कोन?"

पुंजाजी महाराजांनी डोळे फिरवले. "किडनी कोनाची बसवली याले? मेलेल्या मानसाची! थोच आता त्याचं घर मागून राहिला. गोळ्यांनं त्याले बळ भेटते. बंद करा गोळ्या!"

मेलेल्याच्या घरी चहा पिऊन आल्यासारखे महाराज खात्रीनं बोलत होते. सासू मैनाबाईंनी शकुनच्या हातातला गोळ्यांचा डबा ओढला. शकुन सोडेना. गोळ्या थांबवल्या तर किडनी जाईल, नाही थांबवल्या तर माणूस जाईल, अशा कात्रीत ती सापडली होती.

तेवढ्यात तिच्या मुलीला, खुशीला, विज्ञान शिकवणाऱ्या रागिणी मॅडम पुढं झाल्या. "महाराज, घरच्या सुरीनं कापा न एक लिंबू."

"देवाचं काम घरच्या सुरीनं होत नाई!"

मॅडमनी घरच्या सुरीनं लिंबू कापलं. साधा रस आला. मग महाराजांची सुरी उचलून दुसरं कापलं, तर पुन्हा 'रक्त'! पात्याला जास्वंदीचा रस चोळून वाळवला होता. आंबट लागताच तो लाल होतो. फुलांचा मळा करणाऱ्या घराला महाराजांनी फुलानंच फसवलं होतं.

"मंग हे मले काहून ओळखत नाईत?" शकुन ओरडली.

"ते मले ठाव नाई. डॉक्टरले ठाव असन. अकोल्याले चाला, आत्ताच!" मॅडम म्हणाल्या.

अकोल्यात पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. गोपालच्या मेंदूच्या आवरणात बुरशी पसरली होती.

"शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात," डॉक्टर म्हणाले. "मग एरवी सहसा न बाधणारी बुरशीही श्वासातून शिरून मेंदू गाठते. पारव्यांच्या विष्ठेत ती असते."

शकुनला गोदाम आठवलं. झेंडूला जोर यावा म्हणून गोपालनं जुन्या गोदामातली पारव्यांची शीट स्वतः खरवडली होती. दवाखान्यानं बजावलं म्हणून ओलं शेणखत त्यानं सोडलं होतं. या कोरड्या खताचं भय त्याला वाटलंच नाही.

बुरशीवरचं औषध सुरू झालं. वाचेल असं डॉक्टरही बरेच दिवस म्हणेनात. शकुन दाराबाहेर बसून नर्सच्या प्रत्येक पावलाला दचकायची. अखेर गोपाल वाचला.

बाबांनो, अवयव बदललेल्या माणसाचं डोकं दुखलं, तो बरळू लागला, तर आधी दवाखाना गाठा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. त्या अंगणात महाराजांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नाही असं एकट्या मॅडम म्हणाल्या, आणि म्हणूनच गोपाल वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचला.