दादूने शिकवलेली हाडं

मिरजोळ्याचा दादू सनगरे सत्तावीस वर्षं मुंबईला डॉक्टरीच्या कॉलेजात नोकरीला होता. नोकरी संपवून गावी परतल्यावर कोणी विचारलं तर म्हणे, “साहेबांच्या हापिसात शिपाई होतो.” हे खोटं होतं. दादू होता मुडदे चिरायच्या खोलीतला गडी. मुडदे धुवायचे, टेबलावर मांडायचे, पोरांचं शिकून झालं की हाडं उकळून साफ करायची, हे त्याचं काम. गावाला कळलं तर आपल्या घरचं पाणी कोणी तोंडाला लावणार नाही, ही त्याला धास्ती. फक्त बायकोला, गोदूबाईला, हे ठाऊक होतं.

पण मनातून त्याला त्या खोलीचा फार अभिमान. दरसाल नवी पोरं यायची, दोन-चार तर घेरी येऊन पडायची. शिकवणारे मोठे डॉक्टर पहिल्या दिवशी मुडद्याशेजारी उभे राहून सांगत, “हा तुमचा पहिला गुरू. ह्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. ज्याला हसायचं असेल त्याने बाहेर जाऊन हसावं.” मग सगळी पोरं हात जोडत. त्याच घाबरट पोरांची बोटं वर्षभरात शहाणी होताना दादूने पाहिली होती. तोंडी परीक्षेत आपटलेली पोरं हळूच त्याच्याकडे येत. मनगटाची आठ हाडं पिशवीत घालून दादू म्हणे, “आत हात घाला, न बघता नावं सांगा.”

चौतीस सालच्या वैशाखात त्याचा शेजारी रामा आंबे काढताना कलमाच्या झाडावरून खाली पडला. दादू धावत पोचला तेव्हा रामा उताणा पडून कण्हत होता आणि हाडं बसवणारा विठू त्याच्या काखेत हात घालत होता.

“बसता करा त्याला,” विठू म्हणाला. “पाठ दाबून जागेवर आणतो.”

दादूने रामाच्या पायाचा अंगठा चिमटला. “कळतंय?”

“कळतंय... पन पाठ मोडली रे माझी!”

“विठू, हात काढ. त्याला बसता करू नको.”

“तुला रे शिपायाला काय ठावं?”

दादूने जमलेल्या माणसांकडे पाहिलं. रामाची बायको राही मातीत बसून रडत होती.

“मी शिपाई नव्हतो,” तो म्हणाला. “सत्तावीस वर्षं मुडद्यांत काढलीत मी. माणसाचा कणा ह्या हातांनी धुतलाय. त्याच्या आतून नाडीची दोरी जाते. ती तुटली तर रामा जन्मात उभा ऱ्हायचा नाय.”

एकजण दोन पावलं मागे सरला. राहीने पदराने डोळे पुसले.

“काय करायचं ते सांगा, भावोजी.”

दादूने दाराची फळी काढून आणवली. चौघांनी त्याच्या सांगण्यावरून रामाला ओंडक्यासारखं, डोक्यापासून पायापर्यंत एकदम, फळीवर घेतलं. रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळापर्यंत दादू रामाचं डोकं दोन्ही हातांत धरून चालला.

डॉक्टर सुर्व्यांनी रामाला तपासलं. “मणका चिरलाय, पण दोरी शाबूत आहे. वाटेत बसवला असता तर पाय गेले असते. फळीवर कोणी घातलं?”

लोकांनी दादूकडे बोट केलं. डॉक्टरांनी त्याला ओळखलं. त्यांनी आपली खुर्ची उचलून दादूपुढे ठेवली.

“बस, दादू. कॉलेजात तुझ्या पिशवीतलं एकच हाड मला तीनदा चुकलं होतं. तू म्हणालास, घाई नको, बोटांना बघू द्या.” ते गावकऱ्यांकडे वळले. “आम्हाला प्रोफेसरांनी शिकवलं, तसंच ह्यानेही शिकवलं.”

दादू खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकला.

रामा दोन महिने सपाट पडून राहिला आणि गणपतीत काठी टेकत चालू लागला. तीन घरांनी मात्र दादूला पंगतीला बोलावणं सोडलं. गोदूबाईला ते फार लागलं. राही तेवढी रोज तिच्याकडे येऊन बसे.

भात कापून झालं, तेव्हा एका दुपारी विठू आला. पडवीच्या टोकाला बसला.

“कणा असतो तरी कसा, दादू? दाखवशील?”

दादूने आतून सुपाऱ्या आणल्या आणि जमिनीवर ओळीने मांडल्या. आधी सात, मग बारा, मग पाच.

“ही वरची सात कुठली?”

“मानेची,” दादू म्हणाला, आणि रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने समजावून सांगू लागला.